बाबांच्या उजव्या हाताबद्दल

बापू,

तुझा मेसेज रात्री वाचला. लकवा मारल्यावर बाबांना दवाखान्यातून घरी आणून आठ दिवस झाले, उजवा हात तसाच पडून आहे अन् आता काही होत नाही असं गावातले सगळे म्हणून राहिले. मी काही डॉक्टर नाही, पण माझ्या आईला लकवा मारला तेव्हा सहा वर्षं तिचं सगळं मीच केलं, त्यातलं तुझ्या कामाचं तेवढं लिहितो.

हात मेला नाही रे. हाडं, मांस सगळं जागेवर आहे, बिघाड डोक्यात आहे. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्ताची वाट बंद झाली म्हणून उजवं अंग गेलं, अन् बोलणं पण त्याच बाजूनं चालते बहुतेकांचं, म्हणून तेही गेलं. जो भाग गेला तो गेला, पण आजूबाजूचा मेंदू ते काम हळूहळू शिकते, अन् ते शिकते फक्त त्या हाताकडून काम करून घेतल्यावर. तुझी आत्या रोज तासभर तेल चोळते ते चांगलंच आहे, अंग मोकळं होते, पण त्यात बाबांच्या मेंदूला काहीच करावं लागत नाही ना. पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात जास्त होते, हे दिवस नुसते पडून घालवू नको.

माझ्या आईला बॉल वगैरे दाबायला दिला तर ती तोंड फिरवायची. मंग मी तिच्यापुढं तुरीच्या शेंगांचं टोपलं ठेवलं. जन्मभर सोलल्या होत्या तिनं, आजारी हातानं शेंग धरायची, चांगल्या हातानं सोलायची, पहिल्या दिवशी तीन शेंगा झाल्या अन् त्याच्यात अर्धा तास गेला. मला किती वेळा वाटलं आपणच सोलून टाकावं, पण नाही सोलल्या. बाबांचा हात अजून हलतच नसेल तर उजव्या हातावर डावा ठेवून टोपलं सरकवायला लाव. सदरा घालताना आधी उजवी बाही, काढताना ती शेवटी, अन् जेवढं त्यांना जमते तेवढं त्यांनाच करू दे, घाई तुला असते, त्यांना नाही.

एक चूक माझ्या हातून झाली ती तू करू नको. आईला उठवताना मी तिचा लुळा हात धरून ओढायचो. अशा हाताचे स्नायू सैल असतात, खांदा निखळल्यासारखा खाली सरकते, तिला चार महिने त्या दुखण्यानं झोप नव्हती अन् व्यायामही बंद पडला. उठवताना पाठीमागून कमरेला आधार द्यायचा, बसले की हाताखाली उशी.

पाणी, चहा झोपवून पाजू नका, पातळ वस्तूच श्वासनळीत जाते जास्त. सरळ बसवून, एकेक चमचा, अन् ठसका लागत असेल तर डॉक्टरला सांग.

बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं धरू नका. लोक येतात अन् त्यांच्यासमोरच "आता काय राहिलं" म्हणतात, ते ऐकून ते रडत असतील तर काहून रडतात असं विचारायची गरज नाही. भजन लावून बघ. आईला पाणी म्हणता येत नव्हतं, पण संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला सूर लावायची, शब्दासकट.

बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करू नका, बाबांनी तेच केलं होतं ना? अन् तंबाखू-सुपारीचा खर्रा कायमचा बंद. गडचिरोलीत आरोग्याचं काम करणाऱ्या सर्च संस्थेनं खेड्यांमधल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये छापून आला, त्यात सगळ्यात जास्त माणसं लकव्यानंच गेली होती. दुसरा झटका येऊ शकते. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं की लगेच १०८. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागते, तेही सीटी स्कॅन झाल्यावरच, अन् आपल्याकडून मोठा दवाखाना गाठायलाच दोन तास. मी आईला आधी झाडपाल्यावाल्याकडे नेलं, कबुतराचं रक्त चोळलं, दिवस गेला त्याच्यात. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

रविवारी येतो. टोपलंभर शेंगा आणतो वावरातल्या, अन् बाबांची खाट फिरवू दोघं मिळून, येणाराजाणारा त्यांच्या उजव्या बाजूनं आला पाहिजे.

तुझा काका