माहिती खरी, पण कोणासाठी?

प्रश्न : माझ्या ६१ वर्षांच्या आईला चार महिन्यांपूर्वी रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे निदान झाले आणि डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितल्या. आईने गोळीचे नाव फोनवर शोधले, तेव्हा पहिल्याच ओळीत ‘कर्करोगावरील औषध’ असे वाचून ती हादरली आणि तिसऱ्या आठवड्यानंतर आम्हाला कोणालाही न सांगता तिने गोळ्या बंद केल्या. आता सकाळी तिची मूठसुद्धा वळत नाही. मी रात्र रात्र जागून वाचते. एका ठिकाणी औषध उत्तम असल्याचे लिहिलेले असते, दुसऱ्या ठिकाणी ते यकृत खराब करते असे. विश्वास ठेवायचा तरी कशावर?

उत्तर : आधी तातडीचे सांगते. आईने गोळ्या बंद केल्या आहेत, हे तिच्या डॉक्टरांना उद्याच्या उद्या कळवा. डॉक्टर रागावतील या भीतीने पुष्कळ रुग्ण ही गोष्ट लपवतात, आणि मग औषध लागू पडत नाही असे समजून डॉक्टर मात्रा वाढवण्याचा किंवा औषध बदलण्याचा विचार करू लागतात. तोपर्यंत बुडालेल्या गोळ्या भरून काढण्यासाठी एकदम घेऊ नका आणि आपल्या मनाने पुन्हा सुरूही करू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळते. आईने जे वाचले ते खोटे नव्हते, आणि खरी अडचण तिथेच आहे. मेथोट्रेक्सेट काही कर्करोगांसाठी वापरतात हे खरेच आहे, मात्र तिथे काही उपचारपद्धतींमध्ये त्याची मात्रा शेकडो किंवा हजारो मिलिग्रॅमपर्यंत जाते. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये ती सर्वसाधारणपणे आठवड्याला ७.५ ते २५ मिलिग्रॅम एवढीच असते आणि तिचे काम स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालण्याचे असते. नाव एक असले, तरी रुग्णाच्या दृष्टीने हे दोन जवळजवळ वेगळे उपचार आहेत. यकृताबद्दल तुम्ही वाचले तेही खरे आहे. म्हणूनच हे औषध चालू असताना यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या ठरावीक काळाने करतात आणि सोबत फॉलिक ॲसिड देतात. शिवाय या औषधाचा गुण दिसायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात थांबल्यामुळे आईच्या वाट्याला औषधाची भीती तेवढी आली, गुण येण्याइतका वेळ औषधाला मिळालाच नाही.

एक गोष्ट मात्र या औषधाबाबत खरोखरच भिण्यासारखी आहे, आणि ती बहुतेक पानांवर खाली कुठेतरी लहान अक्षरांत असते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना नोंदवल्या गेल्या आहेत. डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू केले, तर आठवड्याचा वार ठरवून तो खोक्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की कोणतेही पान वाचताना ‘हे खरे आहे का’ एवढ्यावर थांबू नका. हे कोणत्या आजाराच्या, कोणत्या वयाच्या रुग्णाबद्दल लिहिले आहे, औषधाची मात्रा किती आहे आणि ते किती काळ द्यायचे आहे, हेही विचारा. नुसते ‘मेथोट्रेक्सेट धोके’ असे शोधले, की शोधयंत्र धोकेच पुढे आणून ठेवते, कारण तुम्ही तेच मागितलेले असते. ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा देखरेख’ असे शोधून पाहा; समोर येणारी पाने लक्षात येण्याइतकी वेगळी असतील. यादीच्या अगदी वर ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरांत लिहिलेली पाने असतात. ती पैसे भरून वर आलेली असतात, गुणवत्तेने आलेली नसतात.

पान विश्वासार्ह आहे का, हे त्याच पानावर बसून ठरवण्याचा प्रयत्न करू नका, कारण सुबक मांडणी, पांढरा कोट घातलेले छायाचित्र आणि शास्त्रीय शब्द कोणालाही वापरता येतात. पानावरून बाहेर या आणि ते चालवणाऱ्या संस्थेचे नाव स्वतंत्रपणे शोधा. प्रमाणपत्रासारख्या चिन्हांवरही विसंबू नका. जिनिव्हाच्या हेल्थ ऑन द नेट या संस्थेचे चिन्ह अनेक वर्षे आरोग्यविषयक संकेतस्थळांवर विश्वासाची खूण म्हणून झळकत असे; त्या संस्थेचे काम २०२२ मध्ये थांबले, त्यामुळे आज कुठे ते चिन्ह दिसलेच तर त्यामागे तपासणारे कोणी उरलेले नाही. मजकूर कोणी लिहिला, कोणी तपासला आणि शेवटचा कधी तपासला, हे पानाच्या तळाशी लिहिलेले असावे. लेख संपताच खाली काही विकत घेण्याचे बटण असेल, तर तो लेख कशासाठी लिहिला गेला याचा अंदाज तुम्हालाच येईल.

सुरुवात कुठून करावी, असे विचाराल तर अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचे मेडलाइनप्लस हे संकेतस्थळ १९९८पासून सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिले जात आहे आणि त्यावर जाहिराती नसतात. ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची औषधांवरील पाने साध्या भाषेत आहेत. एखादा उपचार खरोखर उपयोगी पडतो का, हे पाहायचे असेल तर १९९३ मध्ये सुरू झालेल्या कॉक्रेन या संस्थेचे आढावे वाचा. त्या विषयावरचे सगळे चांगले अभ्यास एकत्र तपासून ती निष्कर्ष काढते आणि सामान्य वाचकासाठी सोपा सारांशही देते. ही पाने यंत्राकडून मराठीत अनुवादित करून वाचणार असाल, तर आकडे, ‘दिवसातून’ व ‘आठवड्यातून’ हे शब्द आणि ‘नाही’ असलेली वाक्ये मूळ मजकुराशी पडताळून पाहा. तेवढी इंग्रजी घरात कोणालातरी येत असते, आणि इथे एक शब्द चुकला तर काय होते ते वर सांगितलेच आहे.

धोक्याच्या आकड्यांबद्दलही थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तुमची झोप त्यांनीच उडवलेली दिसते. १९९५ मध्ये ब्रिटनमधील औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुपटीने वाढतो. बातमी खरी होती. पण ‘दुप्पट’ म्हणजे काय, तर जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांमध्ये १ असलेले प्रमाण नव्या गोळ्यांमुळे २ होत होते. भीतीने असंख्य स्त्रियांनी गोळ्या तडकाफडकी सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाले, असा अंदाज आहे. गुठळ्यांचा धोका गर्भारपणात त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, ही त्यातली सर्वांत दुःखद बाजू. तेव्हा ‘धोका दुप्पट’, ‘५० टक्क्यांनी अधिक’ असे शब्द दिसले, की आधी किती जणांमागे किती होते आणि आता किती झाले, हे शोधा. ते आकडे पानावर नसतील, तर ते पान तुमच्या निर्णयाच्या कामाचे नाही.

आईला तिच्या भीतीबद्दल बोल लावू नका, ही विनंती. तिच्यासोबत बसून तिने वाचलेले ते पान पुन्हा उघडा, आणि ‘माझी मात्रा किती आणि कर्करोगात किती देतात’ हा प्रश्न तिलाच तिच्या हाताने लिहून डॉक्टरांकडे न्यायला सांगा.

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मुलाला सहा महिन्यांपासून फिट येतात. अपस्माराचे औषध सुरू आहे आणि आता फिट कमी झाल्या आहेत. मी अशा मुलांच्या पालकांच्या एका ऑनलाइन गटात आहे. तिथे मला खूप धीर मिळाला. पण अलीकडे एका सदस्याने औषध पूर्ण बंद करून केवळ विशेष आहारावर मुलाला बरे केल्याचे लिहिले, आणि दुसरा एक जण थेंबांचे औषध घ्या म्हणून मला खासगी संदेश पाठवतो. माझी पत्नी म्हणते, गट सोडा. तुमचे मत काय?

उत्तर : गट सोडू नका, पण त्याच्याकडून काय घ्यायचे हे ठरवून घ्या. फिट आली की मुलाला कुशीवर कसे वळवायचे, तोंडात काहीही का घालायचे नाही, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितले असेल. परंतु शाळेत शिक्षकांना हे कोणत्या शब्दांत सांगायचे, फिट किती मिनिटे टिकली याची वही कशी ठेवायची, डॉक्टरांना दाखवण्यासाठी चित्रण करताना हात कसा स्थिर ठेवायचा, आणि रात्री दोन वाजता दुसऱ्या खोलीतून आवाज आला की छातीत जे धस्स होते त्याचे काय करायचे, हे ज्यांनी भोगले आहे तेच सांगू शकतात. ही माहिती कुठल्याही संकेतस्थळावर इतकी चांगली मिळत नाही.

विशेष आहाराची गोष्ट तुमच्या आधीच्या पत्रलेखिकेच्या गोष्टीसारखीच आहे. कीटोजेनिक आहार, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थांचा आहार, हा अपस्मारावरील खरा उपचार आहे आणि तो १९२०च्या दशकापासून वापरला जातो. मात्र तो प्रामुख्याने औषधांनी फिट आटोक्यात येत नाहीत अशा मुलांसाठी, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली, तपासण्या करत दिला जातो. तुमच्या मुलाला औषधाने गुण येतो आहे, म्हणजे त्या सदस्याचा अनुभव खरा असला तरी तो तुमच्या मुलाचा नाही. औषध एकाएकी थांबवल्याने न थांबणारी, जिवावर बेतणारी फिट येऊ शकते, त्यामुळे या बाबतीत प्रयोगाला जागाच नाही. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकली, तर गटात विचारत बसू नका. आपत्कालीन मदत बोलवा.

गटाबद्दल आणखी एक लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे योग्य निदान आणि उपचार मिळाल्यास अपस्माराच्या ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. ज्यांच्या मुलांच्या फिट थांबल्या, ते पालक हळूहळू गटातून दिसेनासे होतात, आणि ज्यांचा लढा लांबला आहे त्यांचेच संदेश तुम्हाला दररोज दिसतात. त्यावरून आपल्या मुलाचे भविष्य मांडू नका.

चांगला गट कसा ओळखावा, याचे मला फार भावलेले एक उदाहरण देते. २००८ मध्ये इटलीतील एका लहानशा अभ्यासातून असे पुढे आले, की लिथियममुळे एएलएस या मज्जासंस्थेच्या असाध्य आजाराची गती मंदावते. पेशंट्सलाइकमी या ऑनलाइन समुदायातील रुग्णांनी आपापल्या डॉक्टरांकडून ते औषध सुरू केले, पण ‘मला फरक पडला’ एवढे लिहून ते थांबले नाहीत. आपली स्थिती त्यांनी नियमाने नोंदवली आणि तशाच प्रकारच्या, औषध न घेतलेल्या रुग्णांशी तिची तुलना केली गेली. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : औषधाचा उपयोग होत नाही. आशा किती होती, हे ओळखून पाहा. आणि तरीही तो निष्कर्ष त्यांच्याच नोंदींतून बाहेर आला. ज्या गटात ‘मला उपयोग झाला नाही’ असे लिहिणाऱ्याला गप्प केले जात नाही, तो गट राखण्याजोगा आहे.

थेंब विकणाऱ्याबद्दल गटाच्या व्यवस्थापकांना कळवा. त्यांनी काहीच केले नाही, तर मात्र तुमच्या पत्नीचे म्हणणे मला पटते. आणि मुलाचे नाव, छायाचित्र किंवा फिटचे चित्रण गटात कधीही टाकू नका. तो आज सात वर्षांचा आहे; सतरा वर्षांचा झाल्यावर ते कोणी पाहावे, हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे.

प्रश्न : रक्ततपासणीच्या माझ्या अहवालात दोन आकडे ठळक छापून आले आहेत. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्याची आहे. तोवर चॅटबॉटला विचारले तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण नाव आणि ओळख पटेल असा सगळा तपशील काढून, आणि उत्तराच्या सफाईदार भाषेला न भुलता. चॅटबॉट कधी कधी अस्तित्वात नसलेले अभ्यासही आत्मविश्वासाने सांगतात, म्हणून संदर्भ मागा आणि तो स्वतः उघडून पाहा.

एक साधी गोष्ट कळली, तर कदाचित रात्र बरी जाईल. अहवालातली ‘नॉर्मल’ मर्यादा बहुधा अशी ठरवलेली असते, की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत येतात. म्हणजे प्रत्येक तपासणीत २० निरोगी माणसांतला १ जण तिच्या बाहेर पडतोच. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाच्या अहवालातही निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. अर्थात आकडा मर्यादेपासून फार दूर असेल किंवा सोबत ताप, धाप लागणे, छातीत दुखणे असे काही होत असेल, तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका. आजच प्रयोगशाळेत किंवा दवाखान्यात फोन करा.

चॅटबॉटकडून निदान मागण्याऐवजी डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करून घ्या. ते काम तो चांगले करतो. आणि मागच्या वर्षीचा अहवाल असेल तर तोही सोबत न्या, कारण तो आकडा कोणत्या दिशेने सरकतो आहे, हे डॉक्टरांना त्यातूनच कळेल.