वाचकांचे प्रश्न : केगला कंप्रेसरची हवा लावली तर?

प्रश्न : अलिबागजवळ आमचा छोटा बार आहे, ड्राफ्ट बिअरचे, म्हणजे केगमधून (बिअरच्या स्टीलच्या पिंपातून) थेट ग्लासात ओतायच्या बिअरचे, दोन टॅप आहेत. शनिवारी गर्दी झाली की नेमका तेव्हाच केगला जोडलेला कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर संपतो, आणि गेजचा काटा तर शेवटपर्यंत वरच असतो. आमचा फिटर म्हणतो गॅसचं काम फक्त बिअर ढकलायचं, मग पंक्चरवाल्याकडे असतो तसला छोटा एअर कंप्रेसर लावून टाका, हवा काय फुकट आहे. माझ्या मेव्हण्याने तर प्रागमधे एका पबमधे बिअरला कंप्रेसर लावलेला स्वतः बघितलाय. मग आपल्याकडे का नको?

उत्तर : नका लावू. गॅस बिअर ढकलतो हे खरंच आहे, पण त्याहून मोठं काम म्हणजे बिअरमधे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आतच धरून ठेवणं, आणि तो आत टिकायचा तर वरच्या मोकळ्या जागेत त्याच गॅसचं प्रेशर लागतं, दुसऱ्या कुठल्या गॅसचं चालत नाही. हवेत नायट्रोजन 78 टक्के, ऑक्सिजन 21 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड फक्त 0.04 टक्के. म्हणजे गेजवर 12 पीएसआय (पीएसआय हे प्रेशर मोजायचं माप) दिसत असलं तरी बिअरच्या हिशेबात ते जवळपास शून्यच, तिच्यातला गॅस हळूहळू निघून वर जात राहणार.

पहिल्या दिवशी हे कळत नाही आणि लोक तिथेच फसतात. केगमधली उभी नळी बिअर तळातून उचलते, त्यामुळे सुरुवातीचे ग्लास झकास लागतात, हवेला टेकलेला वरचा थर सगळ्यात शेवटी ग्लासात येतो. शनिवारी लावलेला केग सोमवारी ओतून बघा, फेसाचे बुडबुडे मोठे मोठे, बघता बघता विरतात, आणि नाकाजवळ नेला की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास. ते ऑक्सिजनचं काम. केगपासून टॅपपर्यंतची नळी नीट धुतलेली नसेल तर व्हिनेगर बनवणारे जे बॅक्टेरिया असतात त्यांनाही ऑक्सिजनच लागतो, तो आपण आपल्या हाताने पुरवायचा कशाला?

शिवाय पंक्चरवाल्याचा कंप्रेसर बहुतेक ऑइलचा असतो, तेलाचा बारीक अंश हवेबरोबर पुढे येतो, आणि बिअरच्या फेसाला तेल अजिबात सहन होत नाही. कोकणातल्या दमट हवेत टाकीत पाणी साठतं, गंज चढतो, ते वेगळंच. आणि असल्या टाकीत सुमारे 115 पीएसआय प्रेशर सहज भरलेलं असतं, रेग्युलेटर बिघडला तर तेवढं प्रेशर थेट केगवर, शेजारी तुमचा माणूस उभा असतो टॅपवर, हे तरी लक्षात घ्या.

प्रागचं म्हणाल तर तिथे टाकीतली बिअर मिळते, मेव्हण्यांनी बहुतेक तेच बघितलं असणार. त्या मोठ्या टाकीच्या आत प्लॅस्टिकची पिशवी असते, बिअर पिशवीत, आणि कंप्रेसरची हवा पिशवी आणि टाकीच्या मधे. हवा बाहेरून पिशवी दाबते, बिअरला शिवतसुद्धा नाही. पिशवीवाले एकदाच वापरायचे केग मिळतात त्यांनाही हवा चालते. तुमच्या साध्या स्टीलच्या केगमधे असं काही मधे नसतं.

आता मुख्य, पैशाचं. 50 लिटरचा केग 12 पीएसआयवर रिकामा करायला गॅस लागतो साधारण 200 ग्रॅम, म्हणजे 9 किलोच्या सिलिंडरमधे, कुठे गळती नसेल तर, चाळीसेक केग निघतात. एवढ्यासाठी अख्ख्या केगची चव घालवायची? तुमचा खरा प्रॉब्लेम तो काटा आहे. सिलिंडरमधे गॅस द्रवरूपात असतो, द्रव संपेपर्यंत प्रेशर फारसं उतरत नाही आणि मग धाडकन खाली येतं, म्हणून गेज बघून काही कळणारच नाही. वजन करा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं, दर शुक्रवारी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायचा आणि तेवढं वजा करायचं. दीड-दोन किलोच उरला असेल तर तेव्हाच भरायला पाठवा, आणि एक भरलेला सिलिंडर कायम जास्तीचा ठेवा, साखळीने भिंतीला बांधून. गॅस फूड ग्रेडचाच मागा, वेल्डिंगवाल्याकडचा नको. आणि सिलिंडर बंद खोलीत ठेवत असाल तर खालून वारा खेळता पाहिजे, हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो आणि माणूस गुदमरू शकतो.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो, घरच्या बार्बेक्यूला केग आणणार आहोत, बरोबर हातपंप मिळतो. उरलेली बिअर आठवडाभर राहील का?

उत्तर : नाही राहणार, हातपंपानेही आत हवाच जाते. केग बर्फात ठेवा, गरजेपुरतंच पंपिंग करा आणि त्याच रात्री संपवा. मोठा केग तिकडे साडेपंधरा गॅलनचा येतो, म्हणजे 58 लिटरच्या वर, पंधरा-वीस माणसांत तो संपत नाही. दुकानात सिक्स्थ बॅरल मागा, साडेएकोणीस लिटरचा असतो.