‘निवडले’ की ‘निवडून दिले’?

ठाण्याचे एक वाचक अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या नियामक मंडळावरच्या लेखाचा अनुवाद करताहेत. मंडळाचे 12 सदस्य तिथले राज्य विधिमंडळ ठरवते. ‘विधिमंडळाने नियुक्त केले’ लिहू की ‘निवडले’, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते दोन्ही नको. ‘निवडून दिले’ लिहा. तिथे दोन्ही सभागृहे एकत्र बसून मतदान करतात. ‘नियुक्त’ म्हटले की ते मतदान वाक्यातून गायबच होते. मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली तर मात्र राज्यपाल तात्पुरता सदस्य देतात. तिथे ‘नेमला’ हेच बरोबर.

‘निवडणे’ एकट्यानेही होते. तांदूळ निवडायला मतदार लागत नाहीत. ‘निवडून देणे’ म्हटले की कर्त्याच्या हाती मत हवेच. म्हणून ‘आयुक्तांनी अमक्याला निवडून दिले’ हे वाक्य कुणाच्याही तोंडी येणार नाही.

आपल्या महापालिकेतच बघा. स्थायी समितीचे 16 सदस्य पक्षांच्या तौलनिक संख्याबळानुसार ठरतात. गटनेते बंद लिफाफ्यात नावे देतात, महापौर ती महासभेत जाहीर करतात. दुसऱ्या दिवशी बातमी येते ‘सदस्यांची निवड’. व्याकरणात चूक नाही, पण नगरसेवकांनी मत दिल्याचा भास होतो. हे नामनिर्देशन आहे, आणि बातमीत तसेच म्हणायला हवे, असा माझा आग्रह आहे. पुढे हेच 16 जण सभापती ठरवतात, ती खरी निवडणूक. एकच अर्ज आला तरी सभापती ‘बिनविरोध निवडून आले’ म्हणणे योग्य, कारण मताचा हक्क सदस्यांकडेच होता.

दिल्लीच्या एम्सचा कायदा (1956) हा फरक नीट पाळतो. संस्थेवरचे तीन खासदार सभागृहांनी आपल्यातूनच निवडून द्यायचे असतात, दोन लोकसभेने आणि एक राज्यसभेने. इतर काही सदस्य केंद्र सरकार नामनिर्देशित करते. एकाच मंडळावर दोन वाटांनी आलेली माणसे बसतात, तेव्हा सगळ्यांना सरसकट ‘नियुक्त’ म्हणू नये.

राहता राहिली ‘वर्णी लागणे’. वर्णी म्हणजे मुळात अनुष्ठानासाठी ब्राह्मणाची नेमणूक. तिच्यात यजमानाची मर्जी आहे, मतदान नाही. लिफाफ्यातून आलेल्या नावाला ती चपखल बसते. मिनेसोटाच्या सदस्यांना लावू नका.