गोलाच्या कडेला बसलेला मुलगा

"मॅडम, सगळी मुलं पुढे जाऊन बसतात. आमचाच माझ्या कुशीतून हलत नाही. घरी एवढा बडबड्या, मग चारचौघांत गेल्यावर याला होतं काय?"

मुलगा अडीच वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आई त्याला दर रविवारी वाचनालयातल्या गोष्टींच्या तासाला नेत होती. दोन महिने झाले तरी तो एकदाही गोलात बसला नव्हता. हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. कुणी मुलाला 'बुजरा' म्हणतं, कुणी थेट 'माणूसघाणा'. हा दुसरा शब्द ऐकला की मला वाईट वाटतं. इतक्या लहान मुलावर असा शिक्का मारायला कुणी धजू नये.

अशा वेळी नुसतं माझ्या खोलीत बसून बोलणं पुरत नाही. आईवडील मुलाबद्दल सांगतात ते खरंच असतं, पण त्या क्षणी आपला चेहरा कसा होता, हे त्यांना दिसलेलं नसतं. म्हणून घरच्यांची आणि गोष्ट सांगणाऱ्या ताईंची परवानगी घेऊन मी एका रविवारी मागे भिंतीशी जाऊन बसले. वही उघडली नाही. तिथे इतरही कुटुंबं होती आणि त्यांनी मला बोलावलेलं नव्हतं.

मुलगा आईच्या मांडीवर होता. आईचा हात त्याच्या पाठीवर होता आणि तो हात हलकेच, पण सारखा त्याला पुढे लोटत होता. "जा ना." "ताईंना नाव सांग." "ती छोटी बघ कशी बसलीये." "टाळ्या वाजव ना." पहिल्या दहा मिनिटांत अशा चौदा सूचना मी मनात मोजल्या. प्रत्येक सूचनेनंतर तो थोडा आणखी आत शिरत होता.

मग गोष्टीत बेडूक आला. ताईंनी उडी मारून दाखवली. मुलानं मान वर काढली आणि त्याच्या पायाची बोटं हलली. खरंच हलली, मी पाहिली. पुढच्याच क्षणी त्यानं वळून आईच्या तोंडाकडे पाहिलं. आईची नजर मात्र इतर पालकांवर होती आणि कपाळाला आठी पडली होती. तो परत कुशीत गेला.

ते वळून बघणं मला फार मोलाचं वाटतं. १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. वर्षभराच्या बाळांसमोर जाड काच होती आणि काचेखाली पोकळी असल्याचा भास होईल अशी रचना केली होती. पलीकडे आई. आईनं आनंदी चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं ती काच ओलांडून गेली. आईनं घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. इथे पुढे जावं की नाही, हे मूल आपल्या माणसाच्या चेहऱ्यावरून ताडतं. या आईच्या चेहऱ्यावर काळजी होती, तीही त्याच्याच प्रेमापोटी. पण ती आठी कशासाठी आहे, हे अडीच वर्षांच्या मुलाला कळणार कसं?

पुढच्या भेटीत मी विचारलं, "तासाहून घरी आल्यावर तो काय करतो?"

तिनं आठवून सांगितलं, "उशा गोल मांडतो. त्यांना बसवतो. आणि... गोष्ट सांगतो. हातवाऱ्यांसकट." एवढं बोलून ती गप्प झाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हणजे दोन महिने तो तिथे पूर्ण हजर होता. मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेनं मुलांच्या खेळाची निरीक्षणं करून १९३२ साली त्याचे प्रकार मांडले. दुसऱ्यांचा खेळ टक लावून बघत राहणं हा तिनं त्यातला एक वेगळा प्रकार मानला. आणि स्वभावाचंही असतंच. थॉमस आणि चेस या मानसोपचारतज्ज्ञांच्या न्यूयॉर्कमधल्या दीर्घ अभ्यासात सुमारे १५ टक्के मुलं 'सावकाश रुळणारी' निघाली. या मुलांना नवी जागा अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि घाई केली की तो वेळ वाढतो.

मी आईला थोडंच सांगितलं. गर्दी व्हायच्या आधी दहा मिनिटं पोहोचा, म्हणजे खोली त्याच्या ओळखीची होईल. जमिनीवर बसा, हात स्वतःच्या मांडीवर ठेवा. सूचना देऊ नका, प्रश्नही नकोत. ताईंची गोष्ट तुम्ही स्वतः मनापासून ऐका. तो वळून बघेल तेव्हा तुमचे डोळे त्याला सापडले पाहिजेत. आणि त्याच्यासमोर कुणालाही "हा लाजाळू आहे" असं सांगू नका. कुणी विचारलंच तर म्हणा, "तो बघतोय."

बाबांना हे पटायला वेळ लागला. "असं मोकळं सोडलं तर तो तसाच राहील," असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना दोन रविवार आईच्या जागी बसायला सांगितलं. त्यानंतर त्यांनी तो मुद्दा काढला नाही.

मात्र प्रत्येक अबोल मूल असं नसतं. या मुलात मला हवी होती ती खूण होती, तो वळून बघत होता. नावानं हाक मारल्यावर मूल क्वचितच प्रतिसाद देत असेल, दीड वर्ष झालं तरी काही दाखवायला बोट करत नसेल, किंवा येत असलेले शब्द हरवत असतील, तर वाट बघू नका, बालरोगतज्ज्ञांना भेटा. घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत महिन्याहून जास्त काळ अजिबात बोलत नसेल, तरीही दाखवून घ्या. शाळेचा पहिला महिना मात्र यात धरू नका. या गोष्टी लवकर कळल्या तर मदतही लवकर सुरू होते.

सहाव्या रविवारी मी पुन्हा मागे बसले. ताईंनी खंजिरी मधे ठेवली होती. मुलगा आईच्या गुडघ्याला टेकून बराच वेळ खंजिरीकडे बघत राहिला. मग उठला, चार पावलं गेला, थांबला, वळला. आई त्याच्याकडेच बघत होती. तिनं फक्त मान हलवली.

त्यानं खंजिरीवर एक थाप मारली. आईचे हात टाळीसाठी वर आले होते. तिनं ते अलगद परत मांडीवर ठेवले, आणि त्यानं दुसरी थाप मारली.