बीएस-६ डिझेल गाडीचा ईसीयू आरटीओला माहिती पाठवतो का? आणि त्यासाठी डीपीएफ काढावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२१ची बीएस-६ (धुराच्या सध्याच्या नियमांची) डिझेल एसयूव्ही, पांढरी नंबर प्लेट, वापर बहुतेक शहरातच. इंजिनाचा पिवळा दिवा अधूनमधून लागतो. गॅरेजवाला म्हणतो, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) पोकळ करून ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रिमॅप करून घ्या, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलून घ्या. दिवा जाईल, ॲव्हरेज वाढेल आणि गाडीतला कॉम्प्युटर सरकारला माहिती पाठवतो तेही बंद होईल.

शेवटची गोष्ट साफ खोटी आहे, म्हणून आधी तीच घेतो.

ईसीयूला स्वतःहून बाहेर बोलायची सोय नसते. त्यातली माहिती बाहेर येते ती स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (गाडीचे बिघाड नोंदवणारी यंत्रणा) सॉकेटमधून, तेही कुणी स्कॅनर जोडला तर. त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा प्लस असतो, ४ आणि ५ वर अर्थ, आणि आजच्या गाड्यांत ६ आणि १४ या पिनांवरून माहिती येते-जाते. ईसीयूत अँटेना नाही, सिम नाही (ई-सिमच्या कनेक्टेड गाड्यांचं वेगळं, ते पुढे येतं). आत साठतं ते असं: बिघाडाचे कोड, कोड आला त्या क्षणाची स्थिती (आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, इंजिनावरचा भार), दिवा लागल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली आणि कोड शेवटचे पुसल्यापासून किती. तुम्ही कुठे गेलात हे त्यात नसतं आणि गाडी कोण चालवत होतं हेही नसतं. ही यंत्रणा धूर नियमात ठेवणारे भाग काम करतात की नाही हे तपासायला बसवलेली आहे.

८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारा बीप ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की वेग कुठेतरी कळवला जातोय. जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत तो सक्तीचा आहे, पण तो फक्त वाजतो. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटबद्दलही असाच गैरसमज आहे. तिच्यावर होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो, आत जीपीएस नसतं.

मग नजर कुठून पडते? बहुतेक बाहेरून. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०२४ पासून जी यंत्रणा चालू आहे तिचे कॅमेरे नंबर प्लेट वाचतात आणि दोन ठिकाणांमधलं अंतर व लागलेला वेळ यांवरून सरासरी वेगही काढतात. त्यामुळे कॅमेऱ्याखाली ब्रेक मारून पुढे पळवण्यात अर्थ उरलेला नाही. तिथे तुमच्या ईसीयूला कुणी काही विचारत नाही. फास्टॅग टोलनाक्यावरची वेळ आणि जागा नोंदवतो. पीयूसीचा निकाल केंद्रावरून थेट वाहन पोर्टलवर चढतो, सोबत तुमचा मोबाइल नंबरही. दिल्लीत जुलै २०२५ मध्ये पेट्रोल पंपांवर जुन्या गाड्या ओळखायला कॅमेरे लावले होते (ती मोहीम काही दिवसांतच थांबवावी लागली). तेही नंबर प्लेटवरून नोंदणीची तारीख बघत होते, इंजिनाकडे नाही. कॅमेऱ्यावरून चलान आलं तर फोटो, ठिकाण आणि वेळ नीट तपासा. २०२१ साली आलेल्या नियम १६७अ मध्ये अशा गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत देण्याची अट आहे. फोटोतली गाडी तुमची नसेल तर तक्रार नोंदवायचीच, सोडून द्यायचं नाही.

गाडीच्या आतून सरकारपर्यंत माहिती जाते ती पिवळ्या प्लेटच्या टॅक्सी आणि बसमधून. एआयएस-१४० नावाचं मानक आहे, त्यानुसार सार्वजनिक प्रवासी वाहनांत ट्रॅकर आणि इमर्जन्सी बटण बसवावं लागतं. तो डबा वेगळा असतो, त्याचं सिम वेगळं असतं. पांढऱ्या प्लेटच्या गाडीला ही सक्ती नाही.

खरी काळजी घ्यायची ती कंपनीच्या कनेक्टेड सेवेची. गाडीत ई-सिम असेल आणि मोबाइल ॲपवर गाडीचं लोकेशन दिसत असेल, तर ते कंपनीच्या सर्व्हरवर जातंय. तिथून पोलीस ते रीतसर मागू शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली तसा आदेश निघतो. सेवा नको असेल तर ॲपमधली संमती काढा आणि सेवा बंद करण्याची लेखी विनंती कंपनीला करा. गाडी जुनी घेतली असेल तर आधीच्या मालकाचं खातं अजून जोडलेलं आहे का हे पहिल्याच दिवशी बघा. बऱ्याचदा असतं, आणि त्याला तुमची गाडी नकाशावर दिसत राहते. डॅशबोर्डखाली वाकून ओबीडी सॉकेटमध्ये किंवा वायरींच्या मागे एखादा ट्रॅकर खोचलेला आहे का तेही पाहा. फायनान्सवाले असे डबे बसवतात. 'जसं चालवाल तसा हप्ता' या प्रकारचा विमा २०२२ पासून मिळतो. त्यासाठी सॉकेटमध्ये डोंगल लावलं असेल, तर तुमचं ड्रायव्हिंग विमा कंपनीला कळतंय, आणि त्यावर सही तुमचीच आहे.

आता दिव्याकडे येऊ, कारण मूळ दुखणं तिथे आहे.

बीएस-४ या आधीच्या नियमात साधारण प्रवासी डिझेल गाडीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २५० वरून ८० वर आली. हा कणांचा आकडा डीपीएफशिवाय गाठता येत नाही. ती सिरॅमिकची जाळी काजळी अडवून ठेवते आणि ठरावीक साठा झाला की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून तिचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेऊन काजळी जाळून टाकतं. शहरात दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की ही जाळणी अर्ध्यात तुटते. पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. तुमच्या बाबतीत बहुधा हेच चाललंय, पण अंदाजावर खर्च करू नका, कोड वाचून घ्या.

ब्लूटूथचा साधा अडॅप्टर आणि मोबाइल ॲप यावर कोड दिसतो. पी2463 म्हणजे काजळी जास्त साठली. पी2002 म्हणजे जाळी नीट अडवत नाही. जाळी तडकलेली असू शकते, पण आधी सेन्सर तपासा. पी244ए म्हणजे जाळीच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक अपेक्षेपेक्षा कमी. पी0401 म्हणजे ईजीआरमधून (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा मार्ग) वायू कमी येतोय. कोड आणि त्या क्षणाची स्थिती यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, मगच पुढचं काम. काम झालं की अडॅप्टर सॉकेटमधून काढा. तो बॅटरी खात राहतो, आणि स्वस्तातल्या अडॅप्टरचा पिन १२३४ असतो, म्हणजे शेजारी उभा असलेला कुणीही जोडू शकतो.

डीपीएफचा कोड असेल तर महागड्या जाळीला हात लावण्याआधी दाबाचा सेन्सर बघायचा. जाळीच्या आधी आणि नंतर अशा दोन बारीक नळ्या त्याच्याकडे जातात. त्या उष्णतेने तडकतात, निसटतात, त्यांत पाणी साचतं. चावी ऑन, इंजिन बंद, अशा स्थितीत स्कॅनरवर दाबातला फरक शून्याच्या जवळ दिसला पाहिजे. तिथेच आकडा दिसत असेल तर सेन्सर चुकीचं सांगतोय आणि जाळी बिचारी ठीक असू शकते. साठलेल्या काजळीचे ग्रॅम बघायला मात्र त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचं सॉफ्टवेअर लागतं, साध्या ॲपवर ते मिळत नाही.

सेन्सर ठीक, कोड पी2463 आणि डीपीएफचा दिवा नुसता लागलेला असेल, तर टाकीत पाव भागाहून जास्त डिझेल ठेवा, इंजिन पूर्ण तापू द्या आणि मोकळ्या रस्त्यावर ६० ते ८० च्या वेगाने, एक गिअर खालचा ठेवून, आरपीएम २००० च्या वर राहील असं किमान २० मिनिटं न थांबता चालवा. जाळणी चालू असताना आयडल थोडं वर जातं, ॲव्हरेज पडतं, गाडी थांबवली तरी पंखा जोरात फिरत राहतो. अशा वेळी लगेच चावी काढू नका आणि वाळक्या गवतावर गाडी लावू नका. दिवा लुकलुकत असेल किंवा गाडीची ताकद तुटली असेल तर हा प्रयोग करू नका. तेव्हा वर्कशॉपमध्ये स्कॅनरने जाळणी करावी लागते.

ऑइलची डिपस्टिक आजच बघा. जाळणी अर्धवट राहिली की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळी कमाल खुणेच्या वर गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर ऑइल ताबडतोब बदला. पातळ ऑइलने पहिला बळी जातो तो टर्बोच्या बेअरिंगचा. नवीन ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच घ्या. काजळी जळून जाते, ऑइलची राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते. काजळी वारंवार भरत असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह अडकलाय का, टर्बोच्या पाइपमधून हवा गळतेय का, इंजेक्टर जास्त डिझेल सोडतोय का हे शोधावं लागेल. तिथे चांगला मेकॅनिक लागतो.

गॅरेजवाल्याच्या पर्यायाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल बेकायदा आहे. कलम १८२अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वॉरंटी जाते. रिमॅपमध्ये डीपीएफचे कोड दाबले जातात, त्याबरोबर ईजीआर आणि तापमानाच्या सेन्सरचेही अनेकदा दाबले जातात; मग खरा बिघाड झाला तरी दिवा लागत नाही आणि तो कळेपर्यंत टर्बो गेलेला असतो. पीयूसीत अशी गाडी पास होऊही शकते, हे खरं आहे. तिथे ओबीडीला काही जोडत नाहीत, फक्त सायलेन्सरमध्ये नळी घालून ॲक्सिलरेटर दाबून धुराची घनता मोजतात. डीपीएफ अडवतो ते कण इतके बारीक असतात की त्या मशीनला ते नीट दिसत नाहीत. पण ते फुप्फुसात खोलवर जातात, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी गरम करताना ते आधी तुमच्याच घरच्यांच्या नाकात जातात.

कोड नुसते पुसून गाडी विकायचा विचार असेल तर तेही लपत नाही. पुसल्यापासूनचं अंतर स्कॅनरवर दिसतं आणि गाडीची स्वतःची तपासणी करणारे बहुतेक मॉनिटर 'अपूर्ण' दाखवतात. ते पूर्ण व्हायला थंड इंजिनापासून सुरू केलेल्या शहर आणि हायवे अशा मिळून काही फेऱ्या लागतात. जुनी गाडी घेताना हीच दोन स्क्रीन तुम्हीही आधी उघडा.

कोड काय निघाला ते प्रतिसादात लिहा, गाडीचं मॉडेल आणि किलोमीटरही. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.