मंडळी गेली आणि मंडळीत बसवेना

"मॅडम, विश्वासी माणसाला इतकं रडू येणं बरोबर आहे का? सात महिने झाले. लोक म्हणतात तुमची साक्ष किती चांगली आहे, आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडतो."

हा मेसेज रात्री पावणेदोनला आला होता. मी समुपदेशक आहे, असे मेसेज मला बऱ्याचदा येतात, शब्द थोडे वेगळे असतात पण प्रश्न तोच, रडू येतंय म्हणजे माझा विश्वास कमी पडला का? म्हणून यावर एकदा सविस्तर लिहावं म्हटलं. ओळख पटेल असे तपशील बदललेत, मेसेज पाठवणाऱ्यांना नुसतं काका म्हणते.

काका नगरकडचे, आता अहिल्यानगर म्हणायचं पण तोंडात नगरच बसलंय. रिटायर्ड शिक्षक, चर्चचे पंच, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी एक. बायको स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली, निदान झाल्यापासून साडेचार महिन्यांत. दफनविधीच्या वेळी काकांनी स्वतः उभं राहून साक्ष दिली, म्हणजे आपला विश्वास सगळ्यांसमोर बोलून दाखवला, की प्रभूने दिलं, प्रभूने नेलं, त्याचं नाव धन्य असो. डोळ्यात पाणी नाही, आवाज खणखणीत. सगळी मंडळी भारावून गेली आणि तिथेच काका अडकले. कारण त्या दिवसापासून ते 'खंबीर माणूस' झाले, आणि खंबीर माणसाला भर उपासनेत हुंदका फुटून चालत नाही ना.

पहिल्या भेटीत ते म्हणाले, "आमची मंडळी गेली मॅडम, आणि आता मंडळीत बसवत नाही." पहिली मंडळी म्हणजे बायको, दुसरी चर्चची. बोलून स्वतःच थोडे हसले, मराठीचे मास्तर शेवटी. बत्तीस वर्षं दोघं एकाच बाकावर बसायचे, ती अल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातली खालची पट्टी गायची. आता गीताचा नंबर सांगितला की यांचा घसा आवळतो, म्हणून ते पहिलं गीत संपल्यावर आत शिरायचे आणि आशीर्वादाच्या आधी बाहेर पडायचे. लोकांना वाटायचं पंच आहेत, धावपळ असते.

आता त्यांच्या प्रश्नाकडे येते. लोक काकांना सारखं एक वचन ऐकवत होते, थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं, चौथ्या अध्यायातलं १३वं, की खेद करू नका. मी त्यांना म्हटलं, काका तुम्ही आयुष्यभर मुलांना वाक्याचं पृथक्करण शिकवलंत, या वाक्याचं करा बघू. त्यांनी बायबल काढलं, चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं. पत्र लिहिणारा पौल म्हणतो ज्यांना आशा नाही अशा बाकीच्या लोकांसारखा खेद करू नका. काका बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले मग म्हणाले, "म्हणजे खेद करूच नका असं नाहीच इथे. मधलंच खाल्लं की हो लोकांनी."

मधलंच खाल्लं! तेव्हापासून हा शब्दप्रयोग मी इतरांसोबतही वापरते.

आणि खरं सांगायचं तर बायबलमध्ये माणसं भरपूर रडतात. अब्राहाम बायकोसाठी, सारेसाठी रडला, आणि मग उठून तिच्या कबरेच्या जागेसाठी ४०० शेकेल चांदी मोजून दिली, म्हणजे रडणंही झालं आणि व्यवहारही. मोशेसाठी लोकांनी ३० दिवस शोक केला. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना येशू रडला, आणि थोड्या वेळाने आपण त्याला मेलेल्यातून उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं तरी रडला. आशा असली की रडू येत नाही हे कुणी ठरवलं मला कळत नाही. 'देवाला त्यांची गरज होती' हे वाक्य तर मी बंदच करायला सांगेन. ज्याच्या घरात रात्रीचा डबा एकट्याने उघडायचाय त्याला हे ऐकवू नका हो.

पण रडणं हा वरचा थर होता. तिसऱ्या भेटीत खालचं निघालं. आजारपणात साखळी प्रार्थना, म्हणजे लोकांनी पाळीपाळीने खंड न पडू देता करायची प्रार्थना, लावली होती, काकांनी स्वतः चाळीस दिवस एकवेळ उपास केला होता आणि त्यांना आतून खात्री होती की ती उठणार. ती गेली. मग रागवायचं कुणावर? पंचाने देवावर रागवायचं? तो राग त्यांनी गिळला होता आणि त्याची जागा एका बधिरपणाने घेतली होती, प्रार्थनेला बसले की नुसती भिंत दिसायची.

मी त्यांना दोन जागा वाचायला सांगितल्या. एक त्याच लाजराच्या बहिणीची, मार्थाची, जी येशूला तोंडावर म्हणते की तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. दुसरं स्तोत्र ८८. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी बहुतेक वळतात, 'तरी मी तुझी स्तुती करीन' वगैरे, हे वळत नाही, अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. काकांना म्हटलं तुमचंही एक लिहा, शेवट गोड करायचा नाही. दोन भेटी त्यांनी वही दाखवली नाही. मग एकदा पिशवीतून शाळेची दोनशेपानी काढून टेबलावर ठेवली, "वाचू नका, फक्त भरलीय तेवढं बघा." मी नाही वाचली.

एक गोष्ट इथे मुद्दाम लिहिते. काका बोलता बोलता म्हणायचे, "आता प्रभूने बोलवावं, तिच्याकडे जावं." ख्रिस्ती घरांत हे वाक्य इतकं सहज येतं की ऐकणारा मान डोलावून पुढे जातो. मी जात नाही. मी सरळ विचारलं, काका, जीव द्यायचा विचार येतो का? ते दचकले, नाही म्हणाले. मग जरा थांबून खाली बघत म्हणाले, "बीपीची गोळी घेत नाही दोन महिने. विसरत नाही, घेत नाही." ओढ आणि इरादा यांत असं बारीक अंतर असतं आणि ते न विचारता कळत नाही, विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो ही भीती खोटी आहे. त्याच दिवशी त्यांच्या परवानगीने मुलीला फोन लावला, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवून झालं. तुमच्या घरात असं कुणी बोलत असेल तर विचारा, आणि रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

त्याच सुमारास त्यांनी तिचं बायबल उघडलं. तोवर कपाटात होतं, तिचा चष्मा आत खूण म्हणून ठेवलेला, तसाच. स्तोत्रसंहितेत एक चिठ्ठी निघाली, दुधाच्या बिलाच्या पाठीमागे लिहिलेली तिची प्रार्थनेची यादी. मुलीची डिलिव्हरी, शेजारच्या मुलाची नोकरी, चर्चच्या पाळकसाहेबांचा, म्हणजे धर्मगुरूंचा गुडघा. सगळ्यात खाली, 'हे गोळी विसरतात. ह्यांना स्वयंपाक येत नाही.' काका ती चिठ्ठी माझ्यासमोर वाचताना आधी हसले आणि मग जे रडले ते पंधरावीस मिनिटं, नळ न सोडता.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. दुःख झोपाळ्यासारखं चालतं, एकदा तिच्याकडे, एकदा रोजच्या कामांकडे. स्ट्रोब आणि शूट या दोघा संशोधकांनी १९९९मध्ये हेच मांडलं होतं, की माणूस या दोन टोकांत येतजात राहतो आणि ते निरोगी आहे. काका एकाच टोकाला करकचून धरून होते. म्हणून आम्ही ठरवलं, संध्याकाळी अर्धा तास तिचा, वही, फोटो, रडणं, काहीही. आणि सकाळी एक काम असं जे ती करायची. मेहुणीकडून ते फोनवर आमटी शिकले. पहिली आमटी खारट, दुसरी आळणी, त्याचा रिपोर्ट मला रीतसर मिळायचा.

'सात महिने म्हणजे फार झाले का' हेही लोक विचारतात. नुसत्या महिन्यांवर ते ठरत नाही. सहा महिने उलटूनही तीव्रता तसूभर कमी होत नाही, जेवणखाण, झोप, घर, माणसं सगळंच बंद पडलंय असं असेल तर मात्र नुसती प्रार्थना पुरे म्हणून थांबू नका. पाळकांकडे जा आणि समुपदेशकाकडेही जा, दोन्ही चालतं. काकांनी मला एकदा विचारलं होतं की पुनरुत्थानात लग्न नसतं असं बायबलमध्ये मत्तयात लिहिलंय, मग भेटल्यावर ती माझी कोण असेल? मी म्हटलं हे माझ्या अभ्यासक्रमात नाही, पाळकसाहेबांना विचारा. ते गेले, दोन तास बसले. उत्तर काय मिळालं ते मला सांगितलं नाही, मीही खोदलं नाही.

डिसेंबरात पहिला नाताळ आला. काका ठरवून कडेच्या जागी बसले, लागलंच तर उठता यावं म्हणून. गीताच्या तिसऱ्या कडव्याला आवाज फुटला, सगळ्यांसमोर. बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं, आणि परत आत येऊन बसले, आशीर्वाद होईपर्यंत.

जानेवारीच्या भेटीला डबा घेऊन आले. करंज्या. "सारण कमी पडलंय आणि दोन तळताना उकलल्या," त्यांनी झाकण उघडायच्या आधीच सांगून टाकलं.