लेकीला आत्ता आणू की दहावीनंतर?

तुझा प्रश्न परवा इथे इंग्लंडात नाइट ड्यूटीच्या ब्रेकमध्ये वाचला आणि समोरचा चहा तसाच गार झाला. तू खानापूरची, मी बेळगावच्या शहापूरची सून. ओळख काही नाही, पण तू 'ताई' म्हणून लिहिलंस म्हणून मीही एकेरीवर येते. तुझं विचारणं थोडक्यात असं: इंग्लंडच्या हॉस्पिटलचं नर्सच्या नोकरीचं पत्र आलंय, मिस्टर मागाहून येणार, मुलगी मराठी शाळेत आठवीला आहे आणि अबोल आहे. तिला आत्ताच आणावं की दहावी होऊ द्यावी? आणि तिथे शाळेत नर्स असते, ती पोरांच्या मनाचंही बघते म्हणतात, ते खरं काय?

ओईटी, सीबीटी, ऑस्की या नर्सच्या परीक्षा आणि व्हिसा यावर मी काही लिहीत नाही. ते सगळं साइटवर आहे आणि तुझा एजंट रोज फोन करतच असेल. कागदांचं एकच सांगते, कारण ते अजून डोक्यातून जात नाही. माझ्या मुलाचा जन्मदाखला २००९ चा, त्यावर इंग्रजीत 'बेलगाम'. पासपोर्ट नंतरचा, त्यावर 'बेलगावी'. एका कचेरीतून ईमेल आला की ही दोन गावं एकच असल्याचा पुरावा दहा दिवसांत द्या. अगं, आपल्याकडे गावाच्या नावावरून आणि भाषेवरून दोन पिढ्यांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, आणि ह्यांना दहा दिवसांत पुरावा पाहिजे! १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदलल्याच्या सरकारी अधिसूचनेची प्रत आणि नोटरीचं प्रतिज्ञापत्र, असं पाठवलं तेव्हा सुटलं. ती प्रत मिळवून दिली आमच्या मामंजींनी. माझे सासरे. दर १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून फेरीला जाणारा माणूस. नातवाचा व्हिसा अडलाय म्हटल्यावर गेले आणि घेऊन आले, एक अक्षर बोलले नाहीत. तुझ्या मुलीच्या कागदांवर स्पेलिंगं आत्ताच ताडून बघ.

आता शाळेच्या नर्सचं.

मी स्वतः पंधरा वर्षं वॉर्डात काढलेली बाई. 'स्कूल नर्स' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? गुडघा फुटला की आयोडीन लावणारी, उलटी झाली की घरी फोन करणारी. आपल्या इथे शाळेत वर्षातून एकदा डॉक्टरांची टीम येते, दात, डोळे, हिमोग्लोबिन बघते, लोहाच्या गोळ्या वाटतात, झालं. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत 'स्नेह क्लिनिक' असतं, हे मला नोकरीत माहीत होतं. तिथे मी एकाही पोराला पाठवलं नाही. मनाचं काही झालं की आपण नजर काढतो, नाहीतर 'अभ्यासाचा ताण' म्हणतो.

इथली स्कूल नर्स आपल्यासारखीच रजिस्टर्ड असते, आणि तिच्यातल्या बऱ्याच जणींनी वर सार्वजनिक आरोग्याचं वर्षभराचं वेगळं शिक्षण घेतलेलं असतं. पण ती त्या एका शाळेची नसते, हे आधी समजून घे. २०१३ पासून इंग्लंडमध्ये ही सेवा कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पैशावर चालते, पैसा आटत गेला, नर्सेस कमी होत गेल्या. एकीच्या गळ्यात कितीतरी शाळा. आमच्याकडे ती गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत यायची, वाचनालयाशेजारच्या एका खोलीत बसायची. ह्याला 'ड्रॉप-इन' म्हणतात. पोरानं दार ढकलायचं आणि आत जायचं. चिठ्ठी नको, आईबापाची सही नको. बऱ्याच ठिकाणी मोबाइलवर मेसेज करायचीही सोय असते, नाव न सांगता. ती रात्री-अपरात्री चालत नाही, त्यासाठी १११ लावून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडायचा, जीवावरचं असेल तर ९९९. चाइल्डलाइन या मुलांच्या हेल्पलाइनचा ०८०० ११११ मुलीच्या मोबाइलमध्ये घालून ठेव, आणि घातलाय हे तिलाही सांग. तू निघेपर्यंत काही लागलंच तर आपल्याकडे आता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, २०२२ पासून.

एवढं कुठेही वाचायला मिळेल. न मिळणारं लिहिते.

मी २०२१ च्या फेब्रुवारीत एकटी आले. बापलेक ऑक्टोबरात आले. ते आठ महिने माझा मुलगा आजोबांजवळ झोपला. मामंजी जुने विणकर, हातमागावर आयुष्य गेलेलं. पहाटे उठायचे, साडेसहाला चहा घेऊन कट्ट्यावर बसायचे. हा शेजारी. बारा वर्षांचा, वर्गात गणितात पहिला, मराठी शाळेतला, कन्नडही बरं. इथे आला तो थेट इयर एटमध्ये. त्याआधी सहा आठवडे शाळेत जागा मिळायची वाट बघत घरात.

आणि शाळेनं काय केलं तर इंग्रजीत कच्चा म्हणून गणितालाही खालच्या सेटमध्ये, म्हणजे कच्च्या मुलांच्या गटात, टाकला. जे तो चौथीत करायचा ते. मी विचारायला गेले तर 'सेटल होऊ दे'. वर्षभर सेटल होत होता. पाच वर्षं झाली, पोरगं विसरलं असेल, मी नाही विसरले. तुझी मुलगी गणितात चांगली असेल तर मागच्या वह्या आण, मुख्याध्यापकांचं इंग्रजीतलं पत्र आण, आणि पहिल्या आठवड्यातच भांड. मी सभ्यपणे वाट बघितली, तीच चूक.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मामंजी गेले. एवढ्या घाईत तिकिटं मिळण्यासारखी नव्हती, आणि खरं सांगायचं तर परवडण्यासारखीही. हे एकटेच गावी गेले. अंत्ययात्रा दिरांनी फोनवर दाखवली. मी पोराला खोलीत पाठवलं, 'तू बघू नकोस, अभ्यास कर' म्हणाले. बारा-तेरा वर्षांच्या पोरानं काय बघायचं त्यात, असं मला वाटलं. त्यानं ऐकलं. आमचा फार ऐकणारा होता.

मग सोमवारी पोट दुखायला लागलं. मग रविवारी रात्रीच. डॉक्टर झाले, रक्त झालं, सगळं नॉर्मल. वॉर्डातल्या पेशंटची बोटं कशी थरथरतात यावरून मी ओळखते काय झालंय ते, पण स्वतःच्या पोराला मी ओव्याचं पाणी देत राहिले. हजेरी घसरली, शाळेचं पत्र आलं, त्यात दंडाचा उल्लेख. मी त्याला ओरडले. 'तुझ्यासाठी आलो ना आम्ही इथे?' हे वाक्य मी म्हटलंय. तूही म्हणशील बघ, कुठल्यातरी रात्री.

एप्रिलात शाळेतून फोन आला, नर्सला भेटायचंय, दुभाषी लागेल काय. मी नको म्हटलं तरी त्यांनी ठेवला. आणि मजा बघ, पोर कर्नाटकातलं म्हणून फोनवर कन्नड दुभाषी! 'नमस्कार री, आराम अदीरी?' एकदम धारवाडी. बेळगावात ज्या भाषेत अर्ज भरायला लावतात म्हणून मी आयुष्यभर कुरकुरले, ती ऐकून माझे डोळे भरून आले. मराठीवाली मागा म्हणून सांगायला हवं होतं, मी सांगितलंच नाही. सगळी मीटिंग कन्नडमध्ये ऐकली.

नर्स पन्नाशीची, पायात चालायचे बूट. ती म्हणाली, तुमचा मुलगा माझ्याकडे पाच गुरुवार येतोय. पाच! मला पत्ता नाही. पुढे म्हणाली, त्यानं मला तुम्हाला दोनच गोष्टी सांगायची परवानगी दिली आहे. एक, त्याला झोप येत नाही. दुसरी, तो रोज रात्री एक वाजता उठतो.

रात्री एक. हिवाळ्यात इथला एक म्हणजे तिकडचे साडेसहा. आम्ही झोपल्यावर हा पांघरुणात फोन घेऊन रोज आजोबांना लावायचा. मामंजी कट्ट्यावर बसून त्याला गल्लीची खबर सांगायचे. आज नळाला पाणी आलं. दूधवाल्यानं दर वाढवला. समोरच्यांची म्हैस व्याली. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, रोज. मामंजींनी मला कधी कळू दिलं नाही, पोरानंही नाही. मामंजी गेल्यावरही तो रात्री एक वाजता उठायचाच.

मला काय वाटलं असेल? तुला वाटेल, आई गहिवरली. मला राग आला, बाई. असा राग की कान तापले. माझं पोर, माझ्या घरातलं दुखणं, आणि एका परक्या बाईला 'परवानगी' देतंय की आईला काय सांगायचं! मी तिला विचारलं, बाकी काय म्हणाला? ती शांतपणे म्हणाली, ते त्याचं आहे. इथे सोळाच्या आतल्या मुलालाही समज पुरेशी असेल तर त्याचं गुपित ठेवतात. १९८५ चा इथल्या सर्वोच्च न्यायपीठाचा निकाल आहे, गिलिक नावाचा, तू ट्रेनिंगमध्ये वाचशील. जीवाला धोका असेल, कुणी छळत असेल, तर मात्र ती गप्प बसत नाही, शाळेच्या सेफगार्डिंगवाल्यांना, म्हणजे मुलांची सुरक्षितता बघणाऱ्यांना, सांगते, आणि हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवते. परीक्षेत मी हे सगळं पाठ म्हणून दाखवलं होतं. स्वतःच्या पोरावर आलं तेव्हा घरी येऊन भांडी आपटली.

आणि भीतीही होती. आपल्या लोकांत बोलतात ना, सोशल सर्व्हिसवाले पोरं उचलून नेतात, मनाचं काही नोंदलं गेलं की व्हिसाला अडतं. मी शाळेच्या आरोग्याच्या फॉर्मवर झोप, काळजी, घरातलं कुणी गेलं काय, सगळ्यापुढे 'नाही' लिहिलं होतं. त्या फॉर्मचा आणि व्हिसाचा काही संबंध नसतो. तू खरं लिही. मुलगी अबोल आहे ते लिही, आधी तशी होती की आत्ता झाली तेही लिही.

नर्सनं जादू काही केली नाही. ती समुपदेशक नाही, औषध देत नाही. झोपेची वही भरायला लावली, फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवायचा ठरवलं, फॉर्म ट्यूटरशी, म्हणजे वर्गशिक्षकांशी, बोलून सोमवारचा पहिला तास शांत खोलीत काढायची मुभा दिली. आणि छाती धडधडायला लागली की मोजायचं: दिसणाऱ्या पाच गोष्टी, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. पुढच्या उपचारांसाठी तिनं 'कॅम्स'कडे, म्हणजे मुलांच्या मानसिक आरोग्य सेवेकडे, पत्र पाठवलं. तिथली यादी इतकी लांब की त्यांचं बोलावणं आलं तोवर पोरगं क्रिकेटच्या टीममध्ये होतं. जुलैत ती नर्स दुसरीकडे गेली. तिच्या जागी बरेच महिने कुणी नव्हतं. त्या महिन्यांत हा दार ढकलायला गेला असता तर? याचा विचार मी करत नाही. म्हणजे करते, नाइटला.

तू माझ्या एकटेपणाचंही विचारलंस. असतो. ड्यूटी लागली की कमी होतो. पुढे.

आता आणू की नंतर? आत्ता. आठवीतली म्हणजे ती इथे इयर नाइनला बसेल. दहावी करून आणलीस तर थेट सोळाव्या वर्षी कॉलेज, आणि मध्येच आणलीस तर इयर टेन-इलेव्हन, म्हणजे त्यांच्या जीसीएसईचा, आपल्या दहावीसारख्या परीक्षेचा, दोन वर्षांचा अभ्यास अर्ध्यावर. ते नको. आणि तू पुढे, ती मागे, असं शक्यतो करू नकोस. करावंच लागलं तर ती कुणाजवळ झोपते ते बघून ठेव, आणि इथे आल्यावर त्या माणसाशी तिला उजेडी बोलू दे, चोरून नको. शाळा लागली की पहिल्याच आठवड्यात विचार, नर्स कुठल्या वारी येते, कुठल्या खोलीत. ते मुलीला सांग आणि मग त्या खोलीचं नाव पुन्हा काढू नकोस. आज गेलीस काय, काय म्हणालीस, काही नाही. मला जमलं नव्हतं. मी दर गुरुवारी डबा भरताना त्याच्या तोंडाकडे बघायची. त्याला ते कळायचं.

तो आता सतरा वर्षांचा आहे. बाकीचं काय सांगितलं होतं ते त्यानं मला सांगितलेलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, 'काय की, विसरलो.' विसरला नाहीये.

मागच्या महिन्यात मॉक परीक्षेच्या आदल्या रात्री पाणी प्यायला उठले तर हा स्वयंपाकघरात अंधारात बसलेला, पुटपुटत. किटली. डबा. खिडकी. कुकर. बाबांची टोपी. मी दारातच थांबले. ऐकू येणाऱ्या तीन गोष्टींपर्यंत आला तेव्हा म्हणाला, फ्रिज, पाऊस, माग. आमच्या घरात कुठला माग? खाली वॉशिंग मशीन फिरत होतं. मी पाणी न पिताच परत गेले.

रविवारी माझी सुट्टी आहे. तुमच्याकडे रात्री आठनंतर फोन कर. मुलीला शेजारी बसव, आणि आणायचंय काय नाही हे तिलाही विचारून ठेव. आम्ही विचारलं नव्हतं.